बाराही जणींची एकच लांबी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या प्राचार्या मॅडम. व्यासपीठावर बसलेले क्रीडासंचालक सर. आपल्या संघांना पोशाख पुरवणाऱ्या नव्या कंपनीकडून अगत्याने आलेले प्रतिनिधी महोदय. सत्काराचे मानकरी, आपले टेलरमास्तर. पहिल्या रांगेत अगदी कडेच्या खुर्चीवर जाऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या काकू (काकू, तुमची खुर्ची मधली होती, चिठ्ठीही लावली होती). सर्व प्राध्यापक, कार्यालयातले सहकारी आणि माझ्या खेळाडू मित्रमैत्रिणींनो,

सरांनी मला मास्तरांबद्दल दोन चांगले शब्द बोलायला सांगितलं आहे. ते मी बोलणारच आहे. पण त्याआधी एक वाक्य मागे घ्यायचं आहे.

गेल्या महिन्यात याच सभागृहात मी क्रीडा विभागाचा वार्षिक अहवाल वाचला. त्यात असं वाक्य होतं : ‘सव्वीस वर्षे आपल्या संघांचे पोशाख शिवणाऱ्या मास्तरांनी प्रकृतीच्या कारणास्तव यंदा काम थांबवले.’ तुम्ही टाळ्याही वाजवल्या होत्या. ते वाक्य खरं नव्हतं. मास्तरांची प्रकृती ठणठणीत आहे. सुईत दोरा ते अजून चष्म्याशिवाय ओवतात. त्यांनी काम थांबवलं नाही. आपण त्यांना काम द्यायचं थांबवलं, आणि थांबवलं हे त्यांना सांगितलंही नाही. हे वाक्य माझ्याकडून कोणी लिहून घेतलं नव्हतं. वाचायला बरं वाटेल म्हणून मीच ते घातलं होतं.

आज मी हे बोलणार आहे, हे सकाळी प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “खरं आहे ना? मग बोल. पण लवकर आटप, लोकांचा चहा गार होतो.” म्हणून कागदावर लिहून आणलं आहे. मान वर करून बोलत नाही, याचा राग मानू नका. मान वर केली की माझी ओळ चुकते.

नव्या विद्यार्थ्यांसाठी माझी ओळख एवढीच की मी क्रीडा विभागातली तात्पुरती सहायक. जिन्याखालच्या भांडारखोलीत बसते. त्याआधी तीन वर्षं याच महाविद्यालयाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघात होते. माझे बाबा फरशा बसवतात. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींच्या घड्या घालते. घरात लिहिता-वाचता येणारी मी पहिली. त्यामुळे आमच्याकडे कुठलाही कागद आला की तो दारातूनच माझ्या हातात येतो. विजेचं बिल, दवाखान्याची चिठ्ठी, घरमालकाची नोटीस, शेजारच्या मावशींच्या मुलाचा अर्ज. मी कागद दोनदा वाचते. खालची बारीक अक्षरं तिसऱ्यांदा वाचते. ही माझी सवय आहे, आणि ती इथे मुद्दाम सांगते आहे. ती पुढे लागणार आहे.

तर मास्तर.

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत, त्यांना आपलं काम कसं चालायचं ते कळणार नाही. हंगाम सुरू होण्याआधी मास्तर तीन दिवस दुकान बंद ठेवून आपल्या व्यायामशाळेत यायचे. गळ्यात टेप, कानावर खडू, काखेत मापांची वही. टेबलटेनिसच्या टेबलावर खाकी कागद पसरला जायचा आणि एकेक संघ येऊन आपला पोशाख स्वतः आखायचा. पट्टा कुठून कुठे जाईल, गळा गोल की टोकदार, आकडा पाठीवर किती मोठा. भांडणं व्हायची. फुटबॉलवाल्यांनी एकदा बाहीवर वाघ मागितला होता. मास्तर सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, “हे शिवता येईल. हे शिवता येणार नाही. आणि हा वाघ मी शिवीन, पण त्याची मांजर झाली तर माझ्याकडे यायचं नाही.”

वाघ रद्द झाला.

त्या तीन दिवसांत भांडारखोलीला गर्दी असायची. आता नसते. आता मापं मोबाइलवर भरतात : लहान, मध्यम, मोठं. माझं तीन दिवसांचं काम चाळीस मिनिटांत होतं. खोकी येतात, मी सही करते, आणणारा माणूस जातो. मग दिवसभर जिन्यावरून लोक वरखाली करतात ते पायांच्या आवाजावरून ओळखायचं. दुपारचा डबा मी जाळ्यांच्या गठ्ठ्यावर बसून खाते. तक्रार म्हणून सांगत नाही. काम सोपं झालं की जागा किती रिकामी होते, हे मला आधी माहीत नव्हतं, एवढंच.

प्रतिनिधी महोदय, तुमच्या कंपनीचं कापड चांगलं आहे. घाम लवकर सुकतो, रंग जात नाही. तीन वर्षं सगळ्या संघांना पोशाख विनामूल्य, हेही काही थोडं नाही. त्या बदल्यात छातीवर तुमचं चिन्ह, रंग तुमच्या कार्डातला, बेत, म्हणजे कपड्याचा घाट आणि आखणी, तुमचा. कार्डात अकरा रंग होते. आपला गडद डाळिंबी त्यांत नव्हता. त्याच्या जवळचा म्हणून जो घेतला त्याला आपण कागदोपत्री डाळिंबी म्हणतो, पण मुलं त्याला वीट म्हणतात. आणि फुटबॉलच्या पहिल्या सामन्यात समोरचा संघही याच कंपनीचा, याच बेताचा निघाला. त्यांची वीट थोडी जास्त भाजलेली, एवढाच फरक. आपल्या उजव्या बाजूने खेळणाऱ्या खेळाडूने झकास चेंडू काढून त्यांच्याच माणसाला दिला. त्यानेही “थँक यू, भावा” म्हणून तो नेला. हसा, तेव्हा आम्हीही हसलो होतो.

हसू संपलं ते मास्तरांना या समारंभाचं निमंत्रण द्यायला गेले तेव्हा.

दुकान उघडं होतं. मशीनवर चादर होती, पण चादरीखालून तेलाचा ताजा वास येत होता. मास्तर स्टुलावर बसले होते. पुढ्यात काहीच काम नव्हतं. काकू आतून म्हणाल्या, “रोज उघडतात, झाडतात, मशीनला तेल देतात आणि बसतात. मी म्हणते घरी बसा, तर म्हणतात गिऱ्हाईक आलं तर?” मी निमंत्रणपत्रिका दिली. मास्तरांनी ती वाचली. सत्कार, निरोप, सगळं वाचलं. मग म्हणाले, “बाळ, माझं काही चुकलं का?”

मी पत्रिकेचं रिकामं पाकीट उलटसुलट करत राहिले.

त्यांना वाटलं, मी आठवते आहे. म्हणून तेच आठवू लागले. “हॉकीच्या पोरांचा आठ नंबर एकदा तिरका गेला होता, तो मी उसवून दिला होता. एकदा इलॅस्टिक सैल निघालं. पण ते बदलून दिलं, हो की नाही गं?” काकू म्हणाल्या, “दिलं ना, दोन दिवसांत.” मग त्यांनी फळीवरच्या वह्या काढल्या. सव्वीस वर्षांच्या सव्वीस वह्या. आपली चूक नेमकी कुठे, ती शोधायला ते माझ्यासमोर एकेक पान उलटायला लागले. मीही एक वही उचलली. माझ्या पहिल्या वर्षाची होती.

इथे मला सहा वर्षं मागे जावं लागेल. मॅडम, चहा गार होईल, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी संघात निवड झाली तेव्हा मी आधीच्या वर्षीची नमुना म्हणून दिलेली चड्डी घरी नेली. आईने ती दोन बोटांत धरली. “हे घालून तू माणसांसमोर उड्या मारणार?” मी म्हटलं, सगळ्याच घालतात. आई म्हणाली, “सगळ्या माझ्या मुली नाहीत.” बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलत नाहीत तेव्हा विषय संपलेला असतो. दुसऱ्या दिवशी माप द्यायचा दिवस होता. मी मास्तरांना सांगितलं, माझं माप घेऊ नका, मी खेळणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. फक्त म्हणाले, “कुठपर्यंत?” मी गुडघ्याच्या चार बोटं खाली हात लावून दाखवला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “पुढची.”

आता जे व्हॉलीबॉल खेळत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खेळात सगळ्यांचा पोशाख सारखा लागतो. एकीचीच लांबी वेगळी असली तर पंच तिला मैदानात उतरू देत नाही. मला हे माहीत होतं. म्हणून मी मनातून खेळ सोडलाच होता. आठ दिवसांनी गठ्ठा आला, आमच्या कॅप्टनने तो सोडला आणि ती किंचाळली. बाराच्या बारा पँट गुडघ्याच्या चार बोटं खाली. ती तशीच दुकानात गेली, आम्ही सगळ्या मागे. “मास्तर, डोकं फिरलं का तुमचं? ह्यात पळायचं कसं?” मास्तर कात्री चालवत होते, त्यांनी मानही वर केली नाही. “यंदा हीच फॅशन आहे. टीव्ही बघत जा.” कॅप्टन म्हणाली, “कुठल्या चॅनेलवर?” मास्तर म्हणाले, “माझा टीव्ही बिघडलाय, नाहीतर दाखवला असता.”

पहिला सामना आम्ही हरलो आणि सगळ्यांनी पँटला शिव्या घातल्या. तिसऱ्या सामन्यापर्यंत कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. गुडघे सोलवटत नाहीत, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी आपणहून तीच लांबी मागितली. मी तीन वर्षं खेळले. मला वाटायचं, माझं नशीब की त्या वर्षी मास्तरांचा खरंच काहीतरी गोंधळ झाला.

त्या वहीत माझ्या मापापुढे लिहिलेलं होतं : ‘बाराही हिच्याप्रमाणे.’

मास्तर तिकडे अजून आपली चूक शोधत होते.

आता यंदाचं सांगते. आपल्या मुलींच्या संघात एक पहिल्या वर्षाची खेळाडू होती. तिला सगळ्या शिडी म्हणतात. तिच्याबद्दल इथे बोलायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. ती म्हणाली, “नाव घेऊ नका ताई, शिडी म्हणा. तसंही सगळ्यांना कळणारच.” तिच्या घरातही तिच्या आधी कोणी शिकलेलं नाही. गेल्या दहा वर्षांत जाळीवर तिच्याइतका हात पोचलेली मुलगी आपल्याकडे नव्हती, हे माझं नाही, सरांचं मत आहे. ऑगस्टमध्ये खोकी आली, तेव्हा ती भांडारखोलीत आली आणि पोशाख अंगाला लावून बघत म्हणाली, “ताई, ही चड्डी जरा लांब मिळेल का?”

मी म्हटलं, “बेत आपल्या हातात नाही गं.”

“मग कुणाच्या हातात आहे?”

मी तिला खोक्यावर छापलेला फोन नंबर दाखवला. मला लाज वाटते, पण मी खरंच तो दाखवला.

तिने आतून स्वतःची काळी लांब पँट घालून पाहिली. पंचांनी हात केला, बाहेर. नियमाने त्यांचं बरोबर होतं. तीन सामने ती राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहिली. बाकीच्या आळीपाळीने मैदानात उतरायच्या, पण बदली खेळाडू म्हणूनही तिला कोणी उठवू शकत नव्हतं. तिसऱ्या सामन्यानंतर ती पोशाख धुऊन, घडी घालून माझ्याकडे घेऊन आली. संघ सोडण्याचा फॉर्म भरताना तिने विचारलं, “ताई, कारण काय लिहू?”

मी म्हटलं, “वैयक्तिक लिही.”

अहवालात ‘एका खेळाडूने वैयक्तिक कारणास्तव संघ सोडला’ हे वाक्य होतं. म्हणजे मागे घ्यायची वाक्यं दोन झाली. तिसरंही आहे. ते सर्वांत जड आहे, म्हणून शेवटी ठेवलं.

‘कराराचा मसुदा तपासला असता आक्षेपार्ह काही आढळले नाही,’ असं मी वाचलं होतं. मसुदा मी तपासला होता हे खरं. दोनदा वाचला, बारीक अक्षरं तिसऱ्यांदा. त्यात एकोणिसावं कलम होतं : पोशाखाचा रंग, बेत आणि लांबी यांबाबत पुरवठादाराचा निर्णय अंतिम राहील. वाचताक्षणी मला आमच्या बारा पँट आठवल्या. म्हणजे आढळलं होतं. तिथल्या तिथे आढळलं होतं.

मग समितीची बैठक झाली. सर म्हणाले, “ही सगळं वाचते. काय गं, वाचलंस?” मी म्हटलं, हो सर. “अडचण आहे काही?” तेवढ्यात चहा आला. सगळे खुशीत होते, कोणीतरी माझ्यापुढेही कप ठेवला. एरवी मी त्या खोलीत फाइल घेऊन दाराशी उभी असते. त्या दिवशी मला पहिल्यांदा खुर्ची दिली होती. मी म्हटलं, “नाही सर.”

सर, तुम्ही मला विचारलं होतं. दोष तुमच्याकडे जात नाही. प्रतिनिधी महोदय, तुम्ही काही लपवलं नव्हतं, तुमचं कलम स्पष्ट अक्षरांत होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांची चूक लहान. मी वाचलं होतं.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर आईला म्हटलं, ऑफिसात एक कागद होता, मला तो बरोबर वाटत नव्हता. आई पोळपाट पुसत होती. म्हणाली, “तुला कळतं. तू बघ.” आमच्या घरी मला सगळे असंच म्हणतात, कौतुकाने म्हणतात. घरातल्या सगळ्यांनी ज्याला विचारायचं, त्याने कुणाला विचारावं, हे मात्र मला कोणी शिकवलं नाही. कॉलेजातही नाही. मी बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. मग डबा घासायला घेतला.

दुकानात त्या दिवशी मी वही मिटली आणि मास्तरांना सांगितलं. “मास्तर, तुमचं काही चुकलं नाही. कागद मी वाचला होता आणि गप्प बसले.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वह्या वर्षवारीने लावून पुन्हा फळीवर ठेवल्या आणि विचारलं, “समारंभाला पांढरा शर्ट घालू की चौकडीचा?” काकू म्हणाल्या, “पांढरा.” आज त्यांनी पांढराच घातला आहे.

दुसऱ्या दिवशी मी खोक्यावरच्या त्याच नंबरवर फोन केला. एक बाई बोलल्या. मी विचारलं, एखाद्या संघाला करारातून बाहेर पडता येतं का?

“येतं की. परिशिष्टात आहे. पुढच्या हंगामाची नोंदणी बंद व्हायच्या आत विभागाने लेखी कळवायचं, कारणासह. तुमच्याकडे परिशिष्ट नाही?”

“नाही.”

“पाठवते. कोणी मागतच नाही हो. मुळात करारच कोणी वाचत नाही.”

मी म्हटलं, “मी वाचला होता.”

बाई म्हणाल्या, “बरं. ई-मेल सांगा.”

परिशिष्ट आलं. मी ते दोनदा वाचलं. एकट्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघालाही बाहेर पडता येईल, बाकी संघांना काही धक्का लागत नाही. संघातल्या अकरा जणींना मी एकेकटीला विचारलं. नऊ जणी हो म्हणाल्या. दोघींना नवा पोशाखच आवडतो. एक म्हणाली, “ताई, ह्यात मी बारीक दिसते.” त्यांचं मतही बाहेर पडण्याच्या पत्रात लिहिलं आहे, गाळलेलं नाही. शिडीने परत यायचं कबूल केलेलं नाही. ती म्हणाली, “आधी होऊ दे, मग बघू.” तिचं बरोबर आहे.

आणि मास्तर, त्या संघाचे पोशाख तुम्ही शिवाल का, हे मी इथे विचारणार नाही. माइकवरून, भरल्या सभागृहात, हातात पुष्पगुच्छ असताना कोणाला नाही म्हणता येत नाही. मी दुकानात येऊन विचारीन. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल.

माझी तात्पुरती नेमणूक याच महिनाअखेर संपते. मुदतवाढीच्या कागदावर सही सरांची लागते आणि या पत्रावर शेरा सरांचाच लागतो. हे मी धमकी म्हणून सांगत नाही, की दया यावी म्हणूनही नाही. पत्र लिहून झाल्यावर ते सहा दिवस माझ्या खणात पडून होतं, त्याचं खरं कारण हे आहे. कोणीतरी नंतर विचारेल, तेव्हा मी दुसरंच काही कारण देईन अशी मला भीती वाटते. म्हणून आजच सांगून टाकते.

आता चांगले दोन शब्द. मास्तर, तुम्ही सव्वीस वर्षं आमची मापं घेतलीत आणि एकदाही कोणाचं माप मोठ्याने वाचलं नाहीत. एवढंच मला येतं. निरोप मात्र मी देणार नाही, कारण तुम्ही तो मागितलेला नाही.

मला दहा मिनिटं दिली होती, मी त्यापेक्षा जास्त घेतली. मॅडम, तुम्ही थांबवलं नाहीत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. सर, तीन वर्षं मला काम दिलंत, खुर्ची दिलीत, तुमचीही आभारी आहे. प्रतिनिधी महोदय, इतक्या लांबून येऊन हे सगळं तुम्हाला ऐकावं लागलं, आणि तरी तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. काकू, आता तरी मधल्या खुर्चीवर या. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचा उल्लेख पुढेमागे झाला असेल, तर ती चूक माझ्या घाबरण्याची समजा आणि पोटात घाला. जे चूक म्हणून सांगितलं, ते मात्र पोटात घालू नका.

पत्रावर एकच सही राहिली आहे, आपल्या कॅप्टनची. ती बाहेरगावच्या सामन्याहून सोमवारी संध्याकाळी परत येते. नोंदणी शुक्रवारी, चोवीस तारखेला बंद होते. मनात ठेवलेल्या तारखा माझ्याकडून पुढे सरकतात, म्हणून तारीख तुमच्या सगळ्यांसमोर सांगते. कार्यालयाची आवक-जावक खिडकी उघडेल तेव्हा मी पत्र घेऊन तिथे उभी असेन : मंगळवारी, एकवीस तारखेला, सकाळी साडेदहाला.